पूमसे करताना आपले पाय जमिनीवर काय लिहितात? (तेगुक, चॉनजी, इल्यो)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. बरेच महिने मनात होतं, आज धागा काढतेच. मी एक्केचाळिसाव्या वर्षी तायक्वांदो सुरू केलं, लेकीला क्लासला सोडायला जायचे आणि तासभर बाहेर कट्ट्यावर बसून राहायचे, मग एक दिवस वाटलं आपणही आत जाऊ. आता रेड बेल्ट आहे, तेगुक चिल जांग (तेगुक मालिकेतला सातवा पूमसे) चालू आहे. फाइटमध्ये म्हणजे क्योरुगीत मला कधीच रस नव्हता, पण पूमसेने, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींनी, पुरतं वेड लावलं. आणि पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न, याला तेगुक का म्हणायचं, आठच का, डावीकडेच का वळायचं. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं की परीक्षेला हे विचारत नाहीत. खरंय, नाही विचारत, पण म्हणून आपण अर्थ न कळता पाठांतर करायचं का? रामरक्षा म्हणताना आजी आधी अर्थ सांगायची मग पाठ करून घ्यायची, तसं काहीतरी इथे हवं होतं.

मग स्वतःच शोधत गेले. जे कळलं ते सांगते, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करा.

तेगुक म्हणजे कोरियाच्या झेंड्यातलं मधलं वर्तुळ, वर लाल खाली निळं. लाल म्हणजे यांग, निळं म्हणजे अुम (चिनीत यिन). त्याच्या भोवती चार कोपऱ्यांत काळ्या रेषांची चार चिन्हं आहेत, प्रत्येकात तीन रेषा, काही अखंड काही मधून तुटलेल्या. अखंड म्हणजे यांग, तुटक म्हणजे अुम. तीन रेषा आणि दोन प्रकार, म्हणून एकूण चिन्हं आठ होतात, झेंड्यावर त्यातली चारच घेतली. आणि आपले कलर बेल्टचे पूमसे बरोबर आठ! प्रत्येकाला एक चिन्ह. पहिला इल जांग, त्याचं चिन्ह गॉन म्हणजे आकाश, तिन्ही रेषा अखंड. शेवटचा पाल जांग, त्याचं गोन म्हणजे पृथ्वी, तिन्ही तुटक. (उच्चार जवळजवळ सारखे आहेत, मी कित्येक दिवस दोन्ही एकच समजत होते.) मधले सहा म्हणजे सरोवर, अग्नी, गडगडाट, वारा, पाणी, पर्वत, याच क्रमाने.

आता मला जे फार आवडलं ते. ही चिन्हं खालून वर वाचायची असतात. दुसऱ्याचं म्हणजे इ जांगचं चिन्ह 'ते', म्हणजे सरोवर, खालच्या दोन रेषा अखंड आणि वरची तुटक. म्हणजे आतून घट्ट, वरून मऊ. यलो बेल्टला इ जांग करताना हालचाली तशा साध्याच आहेत, पण पोटातून ताकद आणि खांदे सैल हेच तर आम्हाला दोन महिने ओरडून सांगत होते! आणि सध्या मी करतेय तो चिल जांग, चिन्ह गान, पर्वत. वरची एकच रेषा अखंड, खाली दोन तुटक. पर्वताचा अर्थ इथे थांबणं. कधी हलायचं नाही हे कळणं. त्या पूमसेत मधेच पाय जवळ घेऊन एका मुठीवर दुसरा पंजा झाकून सावकाश समोर आणायचा असतो, आणि बोम सोगी म्हणजे वाघाचा पवित्रा आहे, सगळं वजन मागच्या पायावर आणि पुढचा पाय नुसता टेकलेला. मी घाई करून पुढे जायचे आणि दर वेळी तोल जायचा. पर्वत हा शब्द कळल्यावर तोल आला, खरंच सांगते.

जमिनीवरची रेघ हा अजून एक प्रकार. तेगुकमध्ये आपण तीन आडव्या रेषांवर जातो आणि एका उभ्या रेषेने पुढेमागे करतो. म्हणजे वरून बघितलं तर पाय जमिनीवर चिन्हच काढतायत. हे कळल्यापासून हॉलच्या फरशीकडे मी वेगळ्याच नजरेने बघते.

तुमचे अनुभव लिहा. ब्लॅक बेल्टवाल्यांनी पुढच्या पूमसेंबद्दल लिहिलं तर फारच छान.

आर्याची_आई:
किती सुंदर लिहिलंय ताई. माझी मुलगी ग्रीन बेल्ट आहे, तिला आज संध्याकाळीच झेंडा काढून दाखवते. तिचा सा जांग चालू आहे, म्हणजे गडगडाट ना?

गोदाकाठ:
हो, जिन. खालची रेषा अखंड, वरच्या दोन तुटक. खालून काहीतरी उसळून वर येतंय असं चित्र. भीती वाटली तरी शांत राहून धैर्याने वागायचं असा त्याचा अर्थ लावतात. त्यात मानेवर हात मारायचा जो प्रकार आहे, एक हात वर कपाळापाशी आणि दुसरा समोर, त्याचं नाव जेबीपूम. जेबी म्हणजे पाकोळीसारखा तो छोटा पक्षी, स्वॅलो. तिला सांगा, आवडेल.

जुना_कराटेका:
लेख आवडला पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मी तीस वर्षं शोतोकान शैलीचं कराटे करतो. ह्या सगळ्या तत्त्वज्ञानाच्या आधी इतिहास बघावा. 1945 ला जपान गेल्यावर सोलमध्ये जे पहिले क्वॉन म्हणजे आखाडे उघडले त्यातले बरेचसे संस्थापक जपानमध्ये कराटे शिकून आलेले होते. चुंग दो क्वॉन त्याच्या थोडं आधीचं, 1944 चं. तिथे जे फॉर्म शिकवायचे ते प्योंग आन, म्हणजे आमचे हेइआन, म्हणजे ओकिनावाचे पिनान. नाव तेच, फक्त कोरियन उच्चारात. पुढे 1960 च्या दशकात पाल्ग्वे हे आठ फॉर्म केले आणि 1970 च्या सुरुवातीला तेगुकचे आठ. हे समितीने बसून केलेले आहेत. म्हणजे आधी हालचाली, मग त्यावर आठ चिन्हं लावली. प्राचीन वगैरे काही नाही. तुमचा पर्वताचा अनुभव खरा असेल, पण पर्वत तिथे कोणीतरी नंतर आणून ठेवला आहे.

गोदाकाठ:
राग कशाला, तुम्ही सांगताय ते बरोबरच आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. क्वॉनची माहिती मी वाचली होती पण लिहायची टाळली, कारण पहिल्याच पोस्टमध्ये वाद नको होता. ते चुकलं.

पण माझा मुद्दा प्राचीन असण्याचा नाहीच. पाल्ग्वे आणि तेगुक दोन्हीत तीच आठ चिन्हं आहेत, पाल्ग्वे या शब्दाचा अर्थच आठ चिन्हं. मग नवीन आठ का केले? पाल्ग्वेमध्ये पहिल्यापासूनच लांब खोल पवित्रा आहे, कराटेसारखा. तेगुकच्या इल जांगमध्ये पहिल्याच पावलाला आप सोगी आहे, रस्त्यावर चालताना जेवढं पाऊल पडतं तेवढंच. पहिला पूमसे म्हणजे आकाश आणि त्यात शिकायचं काय, तर चालायला! हे समितीने ठरवलं असेल तर ती समिती विचार करणारी होती असंच मी म्हणेन.

चुंगमू३०:
आम्ही आयटीएफवाले (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, तायक्वांदोची दुसरी संघटना), आमच्याकडे पूमसे नाही, तुल म्हणतात. 24 तुल आहेत. आमचे संस्थापक जनरल चोई होंग ही यांनी 24 च का केले त्याचं कारण त्यांनीच लिहून ठेवलंय, दिवसाचे 24 तास, आणि अनंतकाळापुढे माणसाचं आयुष्य म्हणजे एक दिवस. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आमच्याकडे चिन्हं कमी, माणसं जास्त. आणि हालचालींच्या आकड्यात अर्थ आहे. जुंग गुन या तुलमध्ये 32 हालचाली. आन जुंग गुन हा देशभक्त, त्याने 26 ऑक्टोबर 1909 ला हार्बिन स्टेशनवर जपानी नेता इतो हिरोबुमीला गोळ्या घातल्या, 26 मार्च 1910 ला त्याला फाशी झाली. 32 म्हणजे फाशीच्या वेळचं त्याचं वय. साम इल मध्ये 33, कारण 1 मार्च 1919 च्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रावर 33 जणांच्या सह्या. से जोंग मध्ये 24, कोरियन लिपीची 24 अक्षरं, आणि पायांची रेघ राजा या अर्थाच्या चिनी अक्षराची. युल गोक या विद्वानाच्या तुलमध्ये 38, कारण त्याचं जन्मगाव 38 अक्षांशावर.

आणि चुंग मू. माझं आयडी त्यावरूनच आहे, 30 हालचाली. अॅडमिरल यी सुन सिन, कासवासारखी आच्छादलेली जहाजं बांधणारा, 1598 ला नोर्यांगच्या लढाईत जिंकता जिंकता गेला. हे तुल डाव्या हाताच्या ठोशावर संपतं. का, तर त्याला आपली पूर्ण क्षमता दाखवायची संधीच मिळाली नाही, राजावरच्या निष्ठेने त्याचे हात बांधलेले होते. मी अकरा वर्षं हे तुल करतोय आणि अजूनही त्या शेवटच्या ठोशाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. वाटायलाच हवं तसं.

हानगांग:
मी कोरियात सुवॉनला राहते, सहा वर्षं झाली. आकड्यांबद्दल एक भर घालते. आन जुंग गुनचा जन्म सप्टेंबर 1879 चा. आपल्या हिशोबाने फाशीच्या वेळी तो 30 वर्षांचा होता, 32 नाही. पण जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि दर नवीन वर्षाला एक वर्ष वाढवतात, त्या हिशोबाने बरोबर 32. युइ आम तुलमध्ये 45 हालचाली आहेत, तेही असंच, सोन ब्योंग ही 1861 चा आणि त्याने दोंगहाक पंथाचं नाव बदलून चॉनदोग्यो केलं ती घटना 1905 ची. त्यामुळे कोणी म्हणालं की आकडा चुकलाय तर चुकला नाहीये, मोजणी वेगळी आहे. सरकारी कामासाठी ही पद्धत 2023 मध्ये बंद केली, पण तुलमध्ये ती तशीच राहील.

हां, वॉन ह्यो तुलच्या व्याख्येत मात्र खरी चूक आहे. त्यात लिहिलंय की भिक्षू वॉन ह्योने 686 साली शिल्लाच्या राज्यात बौद्ध धर्म आणला. 686 हे त्याच्या मृत्यूचं साल आहे. शिल्लाने बौद्ध धर्म 527 लाच स्वीकारला होता, वॉन ह्योच्या जन्माआधी नव्वद वर्षं. जगभर मुलं परीक्षेला हे वाक्य पाठ म्हणतात, फार वाईट वाटतं, कारण खरा वॉन ह्यो त्या वाक्यापेक्षा खूप मोठा आहे.

आणि चॉनजी, पहिलं तुल. उत्तर कोरिया आणि चीनच्या सीमेवर बेकदू पर्वतावर चॉनजी नावाचं सरोवर आहे, पुष्कळ जण ते आणि हे एकच समजतात. सरोवराच्या नावातला जी म्हणजे तळं, तुलच्या नावातला जी म्हणजे पृथ्वी. उच्चार एक, अक्षरं दोन.

चुंगमू३०:
हे 686 चं मला माहीतच नव्हतं. मी स्वतः ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत ते म्हटलंय आणि शिकवलंही आहे. पुढच्या बॅचला नीट सांगीन. धन्यवाद.

गोदाकाठ:
आन जुंग गुनचं साल वाचून थबकले. 1909. त्याच वर्षी 21 डिसेंबरला आमच्या नाशिकला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी जॅक्सनला गोळ्या घातल्या, एप्रिल 1910 ला ठाण्याला फाशी. आनच्या नंतर महिनाभरात. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नसणार. आता जुंग गुन करणारं कोणी दिसलं तर मला हे आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे कान्हेऱ्यांचं नाव असं कुठल्या मुलाच्या अंगात हालचाल म्हणून उतरलेलं नाही, एवढंच मनात आलं.

जुना_कराटेका:
हे आकड्यांचं आणि माणसांचं मला पटतं, कारण त्यात लपवाछपवी नाही. ज्या देशावर 35 वर्षं जपानचं राज्य होतं, जिथे लोकांना स्वतःची नावं बदलून जपानी नावं घ्यायला लावली, त्या देशातल्या माणसाने जपानमध्ये शिकलेल्या विद्येला आपल्या माणसांची नावं द्यावीत हे समजू शकतो. चोई स्वतः जपानमध्ये कराटे शिकले होते. पण मग राजकारण पण येतं. को दांग काढून जुचे घातलं त्याचं काय?

चुंगमू३०:
त्यावर आमच्यातही दुमत आहे. को दांग म्हणजे चो मान सिक, प्योंगयांगचा गांधीवादी वळणाचा नेता, 1946 मध्ये सोव्हिएत सैन्याने त्याला अटकेत ठेवलं. 1980 च्या दशकात त्याचं तुल काढून त्या जागी जुचे आलं, म्हणजे उत्तर कोरियाची विचारसरणी. ज्या व्यवस्थेने त्याला संपवलं तिचंच नाव त्याच्या जागी. चोई 1972 मध्येच दक्षिण सोडून कॅनडाला गेले होते, नंतर उत्तरेशी जवळीक झाली, 2002 ला प्योंगयांगलाच वारले. त्यांच्यामागे संघटना फुटली, काही गट को दांग करतात, काही जुचे, काहींनी जुचेच्या हालचाली ठेवून नाव को दांग केलं. मी को दांग शिकलो आणि तेच शिकवतो. नाव बदललं की हालचालीचा अर्थ बदलतो असं मला मनापासून वाटतं, नाहीतर आपण हा धागा कशाला वाचतोय.

शेवटचं 24 वं तुल तोंग इल, एकीकरण. 56 हालचाली. दोन्ही बाजूंचे लोक ते करतात. माणूस काय चुकला ते चुकला, पण त्याने शेवट तिथे केला.

पिंपळपान:
मी तायक्वांदो करत नाही, पाली आणि बौद्ध संस्कृतचा विद्यार्थी आहे, वॉन ह्योचं नाव दिसलं म्हणून आलो. त्याची गोष्ट इथे असायला हवी. तो आणि त्याचा मित्र उइसांग शिकायला चीनला निघाले होते. वाटेत रात्री पाऊस, अंधारात एका जागी आसरा घेतला. वॉन ह्योला तहान लागली, हाताला एक भांडं लागलं, त्यातलं पाणी प्यायला, गोड लागलं, झोपला. सकाळी बघतो तर ते भांडं म्हणजे माणसाची कवटी आणि जागा म्हणजे थडगं. त्याला उलटी आली, आणि त्याच क्षणी कळलं की पाणी तेच, रात्री अमृत आणि सकाळी किळस, फरक फक्त चित्तात. तो तिथूनच परत फिरला, चीनला गेलाच नाही. धम्मपदाची सुरुवातच मनोपुब्बङ्गमा धम्मा अशी आहे, सगळ्याच्या आधी मन. आपल्याकडे विहारात लहान मुलंही ते म्हणतात. हा माणूस ते कवटीतून प्यायला.

एक प्रश्न: ब्लॅक बेल्टच्या एका फॉर्ममध्ये स्वस्तिक आहे असं ऐकलं, खरं का?

सांगली_दोजांग:
खरं आहे. मी क्लास चालवतो, चौथा दान (ब्लॅक बेल्टची चौथी पायरी). कुक्कीवॉनच्या, म्हणजे तायक्वांदोच्या सोलमधल्या मुख्यालयाच्या यादीत ब्लॅक बेल्टचे नऊ पूमसे, कोर्योपासून सुरू आणि शेवटचा इल्यो. इल्योची जमिनीवरची रेघ म्हणजे स्वस्तिक, कोरियन देवळांवर असतं तसं डावीकडे वळलेलं. आणि इल्योचा अर्थ शरीर आणि मन एक होणं, आणि हा विचार कोणाचा म्हणून दिलाय, तर याच वॉन ह्योचा! म्हणजे आयटीएफमध्ये त्याच्या नावाचं तुल रंगीत पट्ट्यातच येतं आणि आमच्याकडे तो सगळ्यात शेवटी भेटतो. दोन संघटनांचं इतकी वर्षं पटलं नाही, पण भिक्षू दोघांचा एकच.

दुसरा पूमसे कुमगांग. कुमगांग म्हणजे वज्र. संस्कृतातलंच वज्र, चिनीतून कोरियनमध्ये गेलेलं. कोरियात कुमगांग नावाचा पर्वतही आहे आणि देवळाच्या दारात उभे असतात ते द्वारपालही कुमगांगच. या पूमसेची रेघ म्हणजे पर्वत या अर्थाचं अक्षर. यात एका पायावर उभं राहून, दुसरा पाय गुडघ्याशी लावून, एक हात वर एक खाली असा अत्यंत संथ ब्लॉक आहे, कुमगांग मक्की. नवीन ब्लॅक बेल्टची पोरं जिथे थरथरतात ती हीच जागा. आणि पाय आपटून दोन्ही हात पर्वतासारखे वर, सानतुल मक्की. संपूर्ण पूमसेत एकही लाथ नाही. तायक्वांदो म्हटलं की लोकांना फक्त लाथा आठवतात, आणि आमचा वज्र नावाचा फॉर्म लाथेशिवायचा आहे.

कोर्योची रेघ म्हणजे विद्वान या अर्थाचं अक्षर. ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर पहिलं अक्षर लिहायचं ते योद्धा नाही, विद्वान. यावर मी दर बॅचला अर्धा तास बोलतो.

पिंपळपान:
कुमगांग ग्योंग म्हणजे वज्रच्छेदिका, कोरियन विहारात म्हटली जाते. धन्यवाद सर, हे नातं मला वाटलं त्याहून जवळचं निघालं. बेंगळुरू-पुण्यात शिकणाऱ्या मुलांना कळायला हवं की ते पायाने जे लिहितात त्यातला एक शब्द इथून तिकडे गेलाय.

जुना_कराटेका:
सांगलीचे सर, एक विचारतो, तुमच्या मुलांना हे अर्थ आधी सांगता की नंतर? आमच्याकडे काता (कराटेचा फॉर्म) आधी वर्षानुवर्षं अंगात मुरवायचा, मग बुंकाई, म्हणजे हालचालींचा अर्थ.

सांगली_दोजांग:
मी नंतर सांगतो. आधी सांगितलं की पोरं अर्थाचा अभिनय करायला लागतात. पाणी म्हटलं की हात लाटेसारखे हलवतात, वारा म्हटलं की गिरक्या. यूक जांगमध्ये, म्हणजे पाण्याच्या पूमसेत, मधे एक जागा आहे, पाय समांतर, दोन्ही हात सावकाश खाली उघडायचे. त्याच्या आधी लाथा आणि फिरणं चालू असतं आणि अचानक सगळं संथ. पाण्याच्या चिन्हात मधली रेषा अखंड आणि दोन्ही बाजूच्या तुटक, वरून मऊ आणि आत ओढ. हे आधी सांगितलं तर त्या संथ जागेचं नाटक होतं. सहा महिने नुसतं करून घेतो, श्वास लांबला पाहिजे, मग एक दिवस फळ्यावर तीन रेषा काढतो. ज्याला समजायचं त्याचे डोळे त्या दिवशी बदलतात.

पण मोठी माणसं आली, गोदाकाठ ताईंसारखी, तर आधी सांगतो. त्यांना अर्थ कळल्याशिवाय अंग सुटत नाही.

आर्याची_आई:
आर्याने झेंडा काढला आणि आठही चिन्हं भोवती लावली, चारच असतात म्हटलं तर म्हणाली मला आठ करायचेत मग आठ काढणार. जेबीपूम ऐकून आता घरभर तेच चाललंय. सरांचं वाचलं, यूक जांगला आल्यावर मी गप्प बसेन.

गोदाकाठ:
सांगलीचे सर, तुमच्या क्लासला यायला आवडेल, कुमगांग बघायचाय तुमच्याकडचा.

जुना_कराटेका काका, तुमच्या पहिल्या पोस्टवर मी दोन दिवस विचार करत होते. पर्वत नंतर आणून ठेवला, मान्य. आज सकाळी चिल जांग केला तेव्हा झाकलेली मूठ पुढे आणताना पहिल्यांदा घाई झाली नाही, श्वास पूर्ण संपेपर्यंत हात चालत राहिला. हॉलमध्ये मी एकटीच होते. मग वाघाच्या पवित्र्यात गेले, पुढचा पाय टेकवला आणि तसाच ठेवला.

जुना_कराटेका:
कुठल्या वेळी असता हॉलवर? पुढच्या महिन्यात नाशिकला येतोय. मी हेइआन दाखवतो, तुम्ही तेगुक दाखवा, शेजारी शेजारी करून बघू कुठे पाऊल वेगळं पडतं.

गोदाकाठ:
सकाळी साडेसहा. नक्की या.